दुसरा भाग आधी हाती लागला तर?

या महिन्याच्या टपालात एकाच मालिकेवर इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलले. मालिका म्हणजे ती लंडनची, घोडागाड्या, धुकं, गॅसचे दिवे, एक इन्स्पेक्टर आणि त्याच्या मागेमागे फिरणारं ते प्रकरण. मराठी अनुवादाचा दुसरा भाग आलाय आणि आपल्याकडच्या वाचनालयांत पोचलाही आहे. नाव मुद्दाम देत नाही, नाव दिलं की पारावर कोणीतरी शेवट सांगून मोकळं होतं. ज्यांनी वाचलीय त्यांना कळेलच.

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या गावचं वाचनालय म्हणजे ड वर्ग, दोन कपाटं आणि एक पंखा. तिथं या मालिकेचा फक्त दुसरा भाग आहे. पहिला कोणीतरी नेला तो आणलाच नाही, रजिस्टरला सही आहे पण ते काका आता मुलाकडे पुण्याला राहायला गेले. दुसरा तसाच वाचू का पहिल्यासाठी थांबू? माझी जाऊ म्हणते रहस्यकथा मधूनच वाचली तर आधीचा खुनी कळून जातो आणि सगळी मजा जाते.
— एक गृहिणी, दारव्हा तालुका

उत्तर : जाऊबाई म्हणतात तो धोका आहे, पण छोटा आहे. बरे लेखक दुसऱ्या भागात पहिल्यातल्या खुन्याचं नाव सहसा घेतच नाहीत, घेतलं तरी असं उडतउडत की महिनाभरानं पहिला भाग हाती आला तर तुम्हाला आठवणारही नाही. जातं ते वेगळंच.

साधी पोलिसी रहस्यकथा उघडताना आपल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते की हे कोण्या माणसानंच केलंय, कोणी ते फक्त शोधायचं. भुताखेतांच्या रहस्यकथेत तेवढंही माहीत नसतं. वाड्यात रात्री जे चालतं ते खरंच मेलेल्याचं काम आहे का घरातल्याच कोणाचा बनाव आहे, हाच पहिल्या भागातला अर्धा जीव असतो, आणि लेखक एकदा ठरवून टाकतो की या जगात भूत आहे किंवा नाही, मग पुढच्या सगळ्या भागांना तेच लागू. म्हणजे दुसरा भाग आधी वाचला तर खुनी नाही फुटत, शंका फुटते. (ज्यांना पहिला भाग वाचायचाच आहे त्यांनी हा परिच्छेद इथंच सोडून खाली उतरावं.) या मालिकेत पहिला भाग संपत येईपर्यंत कळत नाही की इन्स्पेक्टरला दिसणारा तो मेलेला हवालदार खरा आहे का नदीकाठच्या त्या अपघातानंतर इन्स्पेक्टरच्याच डोक्यावर परिणाम झालाय. दुसऱ्या भागात मात्र पहिल्याच पानावर हवालदारसाहेब खुर्चीत बसून धुक्याबद्दल कुरकुर करतायत आणि इन्स्पेक्टर बूट घालता घालता त्याला उत्तर देतोय. झालं, ठरलं.

तरी वाचा असंच मी म्हणेन. थांबून थांबून किती थांबणार, ते काका काही पुण्याहून पुस्तक घेऊन यायचे नाहीत. आणि उलटं वाचण्यातही एक वेगळी गोडी आहे, नंतर पहिला भाग हाती येईल तेव्हा हा बडबड्या हवालदार तुम्हाला आधीच आवडायला लागलेला असेल आणि आता तो जिवंत आहे, लेकराच्या बारशाची तयारी करतोय, आणि तुम्हाला माहितीय की हा मरणार. पहिल्यापासून वाचणाऱ्याला ते दुःख असं मिळत नाही, त्याच्यासाठी तो एक साधा हवालदार असतो.

वाचताना दोन गोष्टी करा. मागच्या कव्हरवरचा मजकूर आणि अनुवादकाची प्रस्तावना शेवटी वाचा, आपल्याकडच्या प्रस्तावनांना सगळं सांगून टाकायची भारी हौस असते. आणि वहीच्या मागच्या पानावर माणसांची नावं लिहीत चला, कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाकडे कामाला, कारण इंग्रजी आडनावं पहिल्या तीस पानांत एकमेकांत मिसळून जातात आणि मग कंटाळा येतो, पुस्तक वाईट म्हणून नाही.

राहिलं पहिल्या भागाचं. ग्रंथपालांना लेखी द्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर आपल्याकडे अ, ब, क, ड असे वर्ग आले आणि मान्यता असलेल्या वाचनालयाला अनुदान मिळतं, त्यातला ठरावीक हिस्सा पुस्तकांवर खर्च करावाच लागतो. वर्षाची खरेदीची यादी होते तेव्हा वाचकांनी सांगितलेलं नाव त्यात यायला काही अडचण नसते, अडचण एवढीच की कोणी सांगतच नाही आणि मग यादीत स्पर्धा परीक्षेचे तेच ते गाइड जातात.

प्रश्न : ताई, मी जागलीवर वाचतो. हरभऱ्यात रानडुक्कर अन् रोही येते म्हणून रातभर माळ्यावर बसा लागते, टॉर्च हाय, मोबाइलले रेंज नाई, तं पुस्तक. पयला भाग वाचला तवा मी माळ्याखाली उतरलोच नाई, लघवीलेही नाई. दुसरा वाचला तं काहीच वाटलं नाई, झोप लागली अन् डुकरं धुऱ्याकडचा तुकडा खाऊन गेले. काहून असं? पुस्तक खराब हाय का मीच सुधरलो?
— एक शेतकरी, समुद्रपूर तालुका

उत्तर : भाऊ, तुम्हीही सुधरले नाही आणि पुस्तकही खराब नाही. पहिल्या भागात तुम्हाला माहीत नव्हतं समोर काय आहे, म्हणून भीती. आता तो हवालदार घरचा झाला, घरच्याची काय भीती वाटणार. भुताच्या मालिकेचा दुसरा भाग लिहिणाऱ्या प्रत्येकासमोर हे संकट असतंच आणि बहुतेक जण काय करतात तर भुतं वाढवतात, पहिल्यात एक होतं तर दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात अख्खं कब्रस्तान उठतं, आणि वाचणारा जांभया देतो.

या लेखिकेनं तसं केलं नाही म्हणून मला दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला वाटतो, हे माझं मत, भांडायला पत्र पाठवा. तिनं प्रश्नच बदलला. भूत आहे का हा प्रश्न संपला, आता भुताच्या नावावर खोटं कोण बोलतंय हा प्रश्न. गोष्ट १८७४ ची आहे आणि त्या काळात लंडनच्या चांगल्या चांगल्या घरांत संध्याकाळी पडदे लावून, दिवा बारीक करून मेलेल्यांना बोलावायचे कार्यक्रम चालायचे, पैसे घेऊन. हे तिनं मनानं रचलेलं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सविल गावी १८४८ साली फॉक्स नावाच्या घरातल्या दोन लहान बहिणींनी सांगितलं की आमच्या प्रश्नाला भिंतीतून ठकठक उत्तर येतं, तिथून हे लोण सुरू झालं आणि चार-पाच वर्षांत समुद्र ओलांडून लंडनात आलं. लोक टेबलाभोवती बसायचे, हात ठेवायचे आणि टेबल आपोआप सरकायचं. मायकल फॅरेडे, तोच आपल्या विजेचा, त्यानं १८५३ मध्ये याचा निकाल लावला. त्यानं माणसांच्या हाताखाली आणि टेबलावर पातळ पाट्यांचे थर ठेवले, मध्ये छोटे रूळ घातले आणि वर गवताची एक काडी अशी उभी लावली की हात जरा जरी ढकलला तरी काडी कलणार. टेबल ओढत असेल तर काडी एकीकडे कलेल, हात ढकलत असेल तर दुसरीकडे. काडी हाताकडून बोलली. आणि बसलेल्यांपैकी कोणी लबाड नव्हतं बरं का, आपण ढकलतोय हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं, आणि काडी डोळ्यासमोर दिसायला लागली की ढकलणं बंद आणि टेबलही बंद. होस्टेलात पाटावर वाटी फिरवून प्लँचेट करायचे त्यांनी हे वाचून घ्यावं.

पण लोकांनी सोडलं का? नाही सोडलं. थॅलियम हे मूलद्रव्य शोधणारा विल्यम क्रुक्स, नावाजलेला केमिस्ट, १८७० नंतर या मंडळींच्या बैठकांना बसला आणि त्याला ते खरं वाटलं. फॉक्स बहिणींतली मार्गारेट १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेजवर उभी राहिली आणि पायाच्या बोटांचे सांधे मोडून तो ठकठक आवाज कसा काढायचो ते करून दाखवलं, तरी मानणारे मानतच राहिले.

आता पुस्तकातला तो प्रसंग पुन्हा वाचा, दिवसा वाचा. अंधाऱ्या खोलीत बाई थरथर कापत सांगतेय की तुमचे वडील आलेत, सगळे रडतायत, आणि ज्याला खरोखरच भूत दिसतं तो एकटा माणूस तिथं बसलाय, आणि कोपऱ्यात उभा असलेला त्याचा हवालदार खांदे उडवून म्हणतो, साहेब, इथं माझ्याशिवाय कोणीच नाही. मी तर हसले. आणि मग पुढचं वाक्य वाचून गप्प झाले, कारण त्या रडणाऱ्या बाईला हे सांगायचं का नाही हे इन्स्पेक्टरला ठरवायचं आहे. भीतीसाठी हा भाग नाहीच, याच्यासाठी आहे.

जागलीवर मात्र दुसरं काही वाचा, विनोदी वगैरे, झोप येणार नाही असं. आणि खाली उतरताना टॉर्च आधी जमिनीवर मारा, भुतापायी नाही, घोणशीपायी.

प्रश्न : आदरणीय संपादक, प्रस्तुत कादंबरीत १८७४ साली इन्स्पेक्टर काचेच्या पेल्यावरील बोटांचे ठसे घेऊन आरोपीस पकडतो असे दाखवले आहे. तसेच भुताचे छायाचित्र काढणारा एक फोटोग्राफर दाखवला आहे. मी छत्तीस वर्षे इतिहास शिकवला, मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत. ही चूक मूळ लेखिकेची की अनुवादकाची?
— निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका

उत्तर : गुरुजी, पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर, दुसऱ्यावर पुस्तक बरोबर.

ठशांची चूक लेखिकेचीच आहे, अनुवादकानं बिचाऱ्यानं आहे ते मराठीत आणलं. लंडनच्या पोलिसांकडे ठशांची शाखा आली १९०१ मध्ये. आणि गंमत बघा, ती गेली आपल्याकडून. बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं १८५८ पासून करारनाम्यावर हाताचा ठसा घ्यायला सुरुवात केली, माणूस नंतर नाही म्हणायला नको म्हणून. मग कलकत्त्यात एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांची वर्गवारी कशी लावायची ते बसवलं आणि १८९७ मध्ये तिथं ठशांचं कार्यालय सुरू झालं, तोच हेन्री पुढं लंडनला गेला आणि पद्धतीला नाव पडलं त्याचं. लेखिकेला १८७४ मध्ये ठसा हवाच होता तर तिला इन्स्पेक्टरच्या ओळखीत बंगालहून सुट्टीवर आलेला एखादा कारकून आणता आला असता, ठसा सारखा दिसतो एवढं तो सांगू शकला असता, कोर्टानं मानलं नसतं ती गोष्ट वेगळी, आणि मला वाटतं त्यानं कथा जास्त रंगली असती. आता ते ठसे शेवटच्या प्रकरणात अचानक येतात आणि चोर पकडला जातो, हा आळस आहे.

भुताचे फोटो मात्र अगदी त्याच काळातले. बोस्टनचा विल्यम मम्लर गिऱ्हाइकाचा फोटो काढायचा आणि त्याच्या खांद्यामागे धूसर अशी मेलेल्या नातेवाइकाची आकृती उमटायची. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला, सर्कशीसाठी प्रसिद्ध असलेल्या बार्नमनं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, तरी पुराव्याअभावी सुटला. तंत्र समजून घेतलं की पुस्तकातला खून जास्त कळतो. तेव्हा फिल्म नव्हती. काचेच्या पट्टीवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुऊन मोकळं व्हायचं. काच महाग, म्हणून घासून पुन्हा वापरायची. घासणं कमी पडलं तर आधीच्या गिऱ्हाइकाची पुसट आकृती राहून जायची आणि नव्या फोटोत वर यायची. पुस्तकातल्या फोटोग्राफरचा खून का होतो याचा धागा त्या न घासलेल्या काचेतच आहे, याहून जास्त सांगत नाही.

प्रश्न : मी अकरावीला आहे. आई म्हणते असली पुस्तकं वाचून डोकं फिरतं आणि घरात नको ते येतं. पुस्तक लपवून ठेवलंय तिनं. काय करू?
— तिवसा तालुका

उत्तर : आईला म्हण आधी तू वाच. खरंच सांगते, स्वैपाकघरात पहिली चाळीस पानं मोठ्यानं वाचून दाखव, पुढचं ती स्वतःच मागेल. आणि नको ते घरात पुस्तकातून नाही येत, करणी झाली म्हणून हजारो रुपये घेणाऱ्या बाबाच्या पायांनी येतं, त्याच्यासाठी आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे. परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे मात्र पुस्तक आईकडेच राहू दे, त्यात ती बरोबर आहे.

प्रश्न : ताई, लंडनचं धुकं वाचून वाचून कंटाळा आला. आपल्या वऱ्हाडात काय कमी आहे? मी असं लिहायला घेतलंय, इंग्रजांचा काळ, एक साहेब आणि एक गावचा कोतवाल, दोन भाग डोक्यात आहेत, दुसरा तर जवळजवळ पूर्ण सुचलाय. पण काळ कोणता घ्यावा ते ठरत नाही. गाविलगड घेऊ का?
— एक वाचक, परतवाडा

उत्तर : गाविलगड सगळ्यांना आधी सुचतो. १५ डिसेंबर १८०३, वेलस्ली आणि स्टीव्हन्सनच्या इंग्रजी फौजा, डोंगरातून रस्ते काढत ओढत आणलेल्या तोफा, किल्लेदार बेनीसिंग पडला, दोन दिवसांनी नागपूरच्या भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. खजिन्याच्या गोष्टी चिखलदऱ्याच्या चहाच्या टपरीवर अजून ऐकायला मिळतात. पण ती लढाई आहे, लढाईत रहस्य बसवणं अवघड, हजारो माणसं मरत असताना एका खुनाचा तपास कोण करणार?

मला विचाराल तर १८६७ ते १८७० घ्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलंय, तिकडचा कापूस थांबला म्हणून त्या चार वर्षांत आपल्या कापसाला आलेला सोन्याचा भाव खाली आलाय, कर्ज काढून बसलेला शेतकरी आहे, वाढलेला सावकार आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचते. खामगावच्या बाजारात गाड्यांच्या रांगा, १८७० मध्ये तिथल्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो येतो. आणि तुमचा साहेब तर आयताच तयार आहे. रिव्हेट-कार्नॅक नावाचा कापसाचा कमिशनर होता, दिवसा कापूस बघायचा आणि याच माणसानं १८६७ च्या सुमारास नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळं खणली. तीनेकशे वर्तुळं आहेत तिथं, दगडांच्या गोल रांगा, खाली लोहयुगातल्या माणसांची दफनं, लोखंडी हत्यारं. कापूस मोजणारा साहेब हजारो वर्षांपूर्वीच्या कबरी उकरतोय आणि खणणारे मजूर त्याच्या पाठीमागे काय बोलत असतील? खरा माणूस तसाच्या तसा घेऊ नका, त्याच्यासारखा एक रचा.

अजून एक गोष्ट फुकटात देते. तेव्हा वर्धा नदीच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरं. वऱ्हाड १८५३ च्या तहानं इंग्रजांकडे आलं तरी नावाला निजामाचं, त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे. नदीपलीकडचं आर्वी, वर्धा, नागपूर हे मध्य प्रांतात, तिथला चीफ कमिशनर नागपुरात. १९०३ पर्यंत असंच. आता तुमचं प्रेत नदीच्या मधोमध वाळूच्या बेटावर सापडू द्या. दोन्हीकडचे पोलीस म्हणणार आमचं नाही, आणि तुमच्या कोतवालाचे सासरे पलीकडच्या काठावर.

लोककथांसाठी रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे १९१६ चे चार खंड आहेत, मोठ्या ग्रंथालयात मिळतात. खूप सामान आहे त्यात पण साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं आहे हे विसरू नका, कोणत्या जातीबद्दल काय वाट्टेल ते लिहून ठेवलंय. तुम्ही मेळघाटाच्या पायथ्याशी राहता म्हणून सांगते, कोरकूंनी गेलेल्या माणसासाठी उभे केलेले सागाचे कोरीव मुंडे तुमच्या कथेत भुताची खूण म्हणून उभे करू नका, ती त्यांच्या घरच्यांची आठवण आहे आणि ते लोक तुमचे शेजारी आहेत. चकवा घ्या की, चकवा सगळ्यांना लागतो, रात्रभर त्याच धुऱ्यावर फिरून पहाटे आपल्याच विहिरीजवळ निघणारा माणूस प्रत्येक गावात एक तरी आहे.

आणि दुसरा भाग पूर्ण सुचलाय म्हणता तो काही दिवस बाजूला ठेवा. दारव्ह्याच्या ताईंना वर जे लिहिलं ते तुम्हालाही लागू आहे, चकवा खरा का नदीकाठच्या जुगाराच्या अड्ड्यावाल्यांनी पसरवलेली अफवा हे पहिलं प्रकरण लिहायच्या आधी स्वतःशी ठरवा, कोतवालाला सांगू नका, वाचकालाही लवकर सांगू नका, पण तुम्हाला पक्कं माहीत पाहिजे. ते न ठरवता लिहिलेली हस्तलिखितं माझ्याकडे येतात, शंभराव्या पानापर्यंत छान जातात आणि मग लेखकच अंधारात चाचपडतोय हे दिसतं. पहिली पन्नास पानं झाली की अंकाच्या पत्त्यावर पाठवा. कागदाच्या एकाच बाजूला लिहा आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, आमच्याकडून परत पाठवणं होत नाही.